पाचवं ताट

॥ श्री ॥
अंधेरी, मंगळवार

प्रिय मानसी,

अनेक आशीर्वाद. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते तसंच ठेवून देशील असं वाटलं होतं. उघडलंस, बरं केलंस. तू प्रबुद्धबरोबर मुलुंडला संसार मांडलास त्याला चार वर्षं झाली. तेवढ्या काळात मी तुला फोन केला नाही, तूही मला केला नाहीस. तुझे बाबा कपडे वाळले का बघायला म्हणून गच्चीवर जातात आणि तुझ्याशी बोलून येतात, हे मला ठाऊक आहे. खाली आल्यावर विचारलं, तर दोरीवर कपडे होते की नव्हते हेसुद्धा त्यांना सांगता येत नाही. फोनवर माझ्या तोंडून भलतंच काही जाईल, म्हणून लिहायला बसले.

बातमी अशी, की तुझ्या शाळेने मला परीक्षक केलं. हसू नकोस. मुलांनी काढलेल्या व्हिडिओंची स्पर्धा होती. तुझ्या चित्रकलेच्या बाई आता मुख्याध्यापिका आहेत, त्यांना तिसरा परीक्षक म्हणून घर सांभाळणारं माणूस हवं होतं. मी म्हटलं, बाई, मी मॅट्रिक, मला मोबाइलवर आरती लावायची तर शेजारणीला हाक मारावी लागते. तर म्हणाल्या, महिला मंडळाच्या वह्या वीस वर्षं लिहिताय, निदान गुणांची बेरीज तरी चुकणार नाही! बाकीचे दोघे म्हणजे कॉम्प्युटरचे देवव्रत सर आणि लग्नाच्या फिल्म काढणारा सौरभ. कानात बाळी, पण मुलगा गुणी. विषय होता ‘आमच्या घरचा नियम’. तीन मिनिटांची फिल्म. विषय, चित्रण, आवाज, संकलन आणि संदेश असे पाच रकाने, प्रत्येकी दहा गुण. एका मुलाची अक्षरं पडद्यावर गिरक्या घेत यायची. सौरभ म्हणाला, याला इफेक्ट म्हणतात काकू. मी म्हटलं, आमच्याकडे याला चक्कर म्हणतात. दुसऱ्या एकाचा नियम होता, घरात मोबाइल वापरायचा नाही. तो त्याने मोबाइलवरच चित्रित केला होता. मी मजेत होते गं. पेन माझ्या हातात होतं आणि मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती, असं कधी झालंय माझ्या आयुष्यात?

मग नवव्या नंबरला श्वेता नावाच्या मुलीची फिल्म लागली. नववीतली मुलगी, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. फिल्ममध्ये एक शब्द नाही. म्हाताऱ्या हातांनी ताटं मांडली, पाच. भात वाढला, जवळ्याचं कालवण वाढलं, तांदळाची भाकरी ठेवली. जेवायला बसली माणसं चार. ती जेवून उठली आणि कॅमेरा त्या पाचव्या ताटावरच राहिला, भातावरची वाफ जाईपर्यंत. मग दुसरा दिवस, तेच. तिसरा दिवस, तेच. संपली फिल्म. माझं तर डोकंच फिरलं. तुला माझा स्वभाव माहीत आहे, ताटात शीत राहिलं तर मी तुला उठू द्यायचे नाही. मी संदेशाच्या रकान्यात दहापैकी दोन लिहिले, तेही पेनने. एवढ्यावर थांबले असते तर बरं. फिल्म झाली की परीक्षकांनी प्रश्न विचारायचे असतात, तर मी माईक घेऊन सगळ्या हॉलसमोर विचारलं, काय गं, अन्नाची नासाडी हाच का तुमच्या घरचा नियम? मुलं खो-खो हसली.

पोरगी ताठ उभी होती. म्हणाली, वाया नाय जात बाई, आजी मागून तेच जेवते. काका भांडून गेलाय, समोर खाडीपलीकडे मढला राहतो. आजीनेच त्याला जा म्हटलेलं. तरीच्या बोटीत बसला तर दहा मिनिटांत येईल, म्हणून त्याचं वाढलेलं असतं. आला तर थांबायला लागू नये. देवव्रत सरांनी विचारलं, अगं, मग हे फिल्ममध्ये का नाही सांगितलंस? ती म्हणाली, आजी म्हणालेली, दाखव, पण बोलू नको, घरचं आहे. आणि खाली मान घालून हळूच म्हणाली, आता मी बोलले.

मानसी, मी रोज नैवेद्याचं ताट मांडते. देव काही उठून जेवत नाही, नंतर ते आपणच खातो, त्याला मी कधी नासाडी म्हटलं नाही. आणि तू गेलीस त्याच संध्याकाळी मी तांदळाच्या मापातून एक मूठ कमी केली होती. उगाच उरायला नको, म्हणून. बाबा तेव्हा बघत होते. त्या मुलीसमोर बसल्या बसल्या मला ती मूठ आठवली.

गुण मी बदलले. वह्यांमध्ये चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नसतो, हे तुला मीच शिकवलं होतं. आधीचा वाचता येईल अशी एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. दोनावर रेघ मारून मी दहा लिहिले, सही केली. सौरभ म्हणाला, काकू, नवा कागद देतो ना. मी म्हटलं, नको, राहू दे दिसत. श्वेताचा पहिला नंबर आला. बक्षीस घेताना तिने माझ्याकडे बघितलंही नाही, आणि ते बरोबरच होतं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका बाईंकडून पत्ता घेऊन मी वर्सोव्याला गेले. आजीचं नाव शेवंती. दारात सुकत घातलेले बोंबील बाजूला सारून तिने मला वाट दिली. मी म्हटलं, तुमच्या घरचं मी चारचौघांत बोलायला लावलं, चुकले. ती म्हणाली, अगो बाय, गावाला ठावं हाय सगला, पोरीचा काय घेऊन बसलीस? मग तिने चहा केला. भिंतीवरच्या फळीवरून दोन कपबश्या काढल्या, फुलांच्या, एकसारख्या. एक माझ्यापुढे ठेवली, एक स्वतः घेतली. श्वेता उंबऱ्यात बसून माझ्याकडे बघत होती. चहा चांगला होता, पण मी कप तसाच हातात धरून बसले.

कारण आपल्या घरीही फळीवर सहा कपबश्या होत्या. तू प्रबुद्धना पहिल्यांदा घेऊन आलीस, त्यांनी आडनाव सांगितलं, आणि मी आत जाऊन रंगारी-गवंडी आले की काढते तो स्टीलचा पेला काढला. तुला कपात चहा दिला, त्यांना पेल्यात. तुझा कप त्यांच्यापुढे सरकवलास, पेला उचलून त्यातला चहा प्यायलीस, धुऊन पालथा घातलास आणि दोघंही गेलात. गडबडीत हाताला आला तो पेला दिला, असं मी बाबांना सांगितलं होतं, शेजारी सांगितलं होतं, देवापुढेसुद्धा तेच म्हटलं. ते खोटं आहे. कपबश्या समोर होत्या. मी हात पुढे केला आणि मागे घेतला. चूक नव्हती ती, मी ठरवून केलं. ही रेघ मी मारते आहे, आधीचं तुला वाचता यावं अशी. शेजारी बरोबर काय लिहायचं, ते मला एकटीला लिहिता येणार नाही.

तुम्ही इकडे या, असं म्हणायचा मला अधिकार नाही. रविवारी सकाळी दहा वाजता बाबांना घेऊन मी मुलुंडला येते आहे. प्रबुद्धना आधी विचार. ते नको म्हणाले तर बाबांना गच्चीवर फोन कर, मी समजेन. हो म्हणाले तर त्यांना एवढं सांग, की मला अर्धा कप चहा लागतो, साखर कमी. कप नसला तरी चालेल.

सही करते,
तुझीच,
आई