तीन कोटी पस्तीस लाख पन्नास हजार तीनशे छत्तीस

प्रिय बाबा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. फोनवर बोलले असते, पण तिथे तुम्ही "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय गुंडाळता.

तुमच्या पंपघरातल्या पाण्याच्या मीटरवर साधारण तीन आठवड्यांनी ३,३५,५०,३३६ हा आकडा येईल. त्या वेळी तुम्ही समोर असावं, अशी माझी इच्छा आहे. या संख्येला निःशेष भागणाऱ्या, तिच्याहून लहान अशा सगळ्या संख्यांची बेरीज केली, की पुन्हा तीच येते. सहाचं तसंच आहे: एक, दोन, तीन, मिळून सहा. इतरांची बेरीज कमी भरते किंवा उतू जाते. त्या न्यून, नाहीतर विपुल. बरोबर जुळतात त्या परिपूर्ण. हिच्या आधीची ८,१२८. तुम्ही नोकरीला लागलात त्याच आठवड्यात, मीटर कोरं असताना, ती सरकून गेली असणार. मधल्या तीन कोटींत एकही नाही. पुढची दहा अंकी आहे. तुमच्या आठ चाकांच्या मीटरवर ती मावणारच नाही.

अंगणात तुम्ही पाइप रचता ना, वर एक, खाली दोन, त्याखाली तीन? तसे एवढे पाइप रचले तर ८,१९१ ओळींचा त्रिकोण होतो, आणि एकही पाइप उरत नाही. हे कुणी ठरवलेलं नाही. विषम परिपूर्ण संख्या असते की नाही, हे तर अजून कुणालाच ठाऊक नाही. मी दिवसभर उपकरणांच्या चुका शोधते, मला सहसा कशाचं अप्रूप वाटत नाही. हे मात्र पडताळून झाल्यावरही पुन्हा दोनदा पडताळलं, आणि तेही चूक शोधायला नव्हे. तुम्ही म्हणाल, "शहाणे, आकड्याने तहान भागते का?" नाही भागत.

दर रविवारी तुम्ही खुशालीऐवजी मीटरचा आकडा कळवता. गेल्या रविवारचा आकडा त्याआधीच्यापेक्षा लहान होता. मीटर उलटं फिरत नाही, बाबा. त्यावरच्या इंग्रजी आकड्यांतल्या आठाला तुम्ही तीन वाचलंत. आई म्हणते, हल्ली पेपरातले मथळेच तेवढे वाचता, आणि बातमी विचारली की "त्यात काही दम नाही" म्हणता. साहेबांना कळलं तर निवृत्तीआधीच घरी बसवतील, म्हणून तुम्ही मोतीबिंदू लपवताय. मी कुणालाही सांगितलेलं नाही.

पण त्या आकड्यात तीन, पाच, शून्य आणि सहा एवढेच अंक आहेत, आणि धुक्यातून ते सगळेच आठासारखे दिसतात. तो मीटरवर जेमतेम अर्धा मिनिट राहील. शनिवारची डॉक्टरांची वेळ घेतली आहे, मी शुक्रवारी येते. रजेच्या अर्जावर काय लिहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण एका डोळ्याचं तरी ऑपरेशन करून घ्या. त्या दिवशी मी पंपघरात असेन आणि मीटरकडे पाठ करून उभी राहीन. तुम्ही वाचून सांगा.

तुमचीच,
काटेकोर कार्टी