हातमोजे कुणाच्या मापाचे

४ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

आज माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा अक्षर वेडंवाकडं आलं तर समजून घे. आमच्या वसाहतीच्या बागेतल्या माळीणबाई तुला आठवत असतील. तू आलीस तेव्हा त्यांनी तुला गुलाबाचं कलम दिलं होतं. त्या रासायनिक खत उघड्या हातांनी मिसळतात. बागसमितीचा चिटणीस म्हणून मी स्वतः दुकानात जाऊन चांगले जाड रबरी हातमोजे आणले. बाईंनी चार दिवस घातले आणि दिले खुंटीला टांगून! काल तळहात पाहिले, तर कातडी सोललेली, बोटांच्या पेरांत भेगा. जाब विचारला, तर म्हणतात, मोजे घातले की आग जास्त होते. म्हणजे छत्री उघडली की जास्त भिजायला होतं, त्यातलाच प्रकार!

मी जन्मभर वर्गात फुलांच्या कविता शिकवल्या. अजून संध्याकाळी बाकावर बसलो की ओळी ओठांवर येतात. आणि जिच्या हातून ती फुलं उमलतात, तिला हातांची पर्वा नसावी? अध्यक्ष म्हणतात, सांगून ऐकत नाहीत, सोमवारच्या सभेत कामावरून काढून टाकू. नोटिशीचा मसुदा मीच केलाय. भाषा ओघवती उतरली आहे.

तुझ्या गुडघ्यांना जप आणि म्हाताऱ्या भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा दादा


७ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि चहा तसाच निवला. मोजे कुणाच्या मापाने आणलेस रे? स्वतःचाच हात घालून पाहिलास ना? तुझा पंजा म्हणजे सूप! त्या बाईंची मूठ केवढीशी, मी पाहिली आहे. ढगळ मोज्यात मनगटाकडून खताचे दाणे आत शिरतात, घामाने विरघळतात आणि दिवसभर कातडीला चिकटून राहतात. आग होणार नाही तर काय होईल? बाई अगदी खरं बोलत होत्या. इस्पितळात नर्स असताना असे हात मी स्वतः बांधले आहेत, कविराज!

आणि तू काय केलंस, तर ओघवती नोटीस! एका बाईच्या पोटावर पाय द्यायचा, तोही अलंकार घालून! आधी तो कागद फाड. मग त्यांचा पंजा कोऱ्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरव आणि त्या मापाचे, मनगटाला घट्ट बसणारे, लांब बाह्यांचे मोजे आण. काढण्याआधी वरून पाण्याने धुवायचे, हेही सांग. तोवर त्यांना खताला हात लावू देऊ नकोस.

रागाने लिहिलं आहे, पण खोटं एक अक्षर नाही. बहिणीवर रुसू नये.

तुझी धाकटी


१३ मार्च

चि. धाकटीस, अ. उ. आ.

रुसायला तोंड आहे कुठे? पत्र मिळताच बागेत गेलो. बाईंनी कागदावर हात ठेवला, पण दोन बोटं सरळ होईनात. पेन्सिल तिथे अडखळली. मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, हात बरे झाले की बघू.

सोमवारी सभेत अध्यक्षांपुढे नोटीस ठेवली आणि शेजारी तेच मोजे. म्हटलं, हे घालून सही करा. अध्यक्षांचा हात बाईंएवढाच लहानखुरा. हसतहसत घातले, पण पेनाचं टोपण निघेना. निघालं, तर पेन निसटून टेबलाखाली गेलं. ते मोजे काढायला लागले, तर मी म्हणालो, राहू द्या, बाई तर दिवसभर घालत होत्या. त्यावर ते भडकले, हा पदाचा अपमान आहे म्हणाले. मीही मग मास्तरकीचा आवाज काढला. तीस वर्षांच्या नोकरीत असा काढला नव्हता. नोटीस तिथेच फाडली.

मापाचे मोजे आले आहेत. हात बरे होईपर्यंत खत मी घालतो आहे, मोजे घालून. पण वाद मिटलेला नाही. अध्यक्षांनी इतिवृत्तात लिहायला सांगितलं, की बाईंची चूक या वेळेपुरती माफ करण्यात आली आहे. माफ! मी लिहिलं, 'चूक चिटणीसाची होती. बाईंनी ती अजून माफ केलेली नाही.' अध्यक्ष सही करत नाहीत आणि मी एक शब्द बदलत नाही.

अशीच कान धरत जा.

तुझा दादा