आबांच्या पायाचं आणि तुझ्या हिरव्या बशीचं

धुळे, मंगळवार दुपार

प्रिय हेमांगी,

मामाचे आशीर्वाद. पत्र संपेपर्यंत फोनला हात लावू नकोस, एवढी एक अट. फोन मलाही करता आला असता. पण फोनवर तू रडू लागलीस की मी घाबरून संस्कृतात शिरतो आणि मग दोघांचाही उपयोग नसतो.

तुझे आबा इथे धुळ्यात आहेत. कुणाच्या तरी सोयरिकीसाठी आलेत असं आमच्या अक्काने, म्हणजे तुझ्या आईने, तुला सांगितलं असेल. तसं काही नाही. मी हे दवाखान्याच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसून लिहितोय. आत आबा पायाला बँडेज आणि हाताला सलाईन लावून शेजारच्या खाटेवरच्या चिंधाभाऊंना सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताहेत. घाबरू नकोस. म्हणजे थोडी घाबर, पण वाचत राहा.

केळीच्या बांधावर पायात काटा मोडला. साखर असलेल्या माणसाला काटा कळत नाही, हे तू त्यांना कितीदा सांगितलं होतंस. उजव्या पायाचं धाकटं बोट काळं पडलं तेव्हा अक्काच्या लक्षात आलं. चोपड्याहून जळगाव जवळ. पण तिथे तू, आणि तुझा प्रबंध शेवटाला आलेला. पोरीचं चित्त विचलित नको, म्हणून हा गृहस्थ सडका पाय घेऊन पारोळ्यावरून एसटीने माझ्या दारात उतरला. तुला काही सांगणार नाही, असं माझ्याकडून वदवून घेतलं. ते वचन मी या क्षणी मोडतोय. आतापर्यंत बाकावरून तीनदा उठून येरझाऱ्या घालून आलो, त्याचं कारण तेच.

पुवाच्या तपासणीत स्टॅफिलोकॉकस निघाला, तोही नेहमीच्या औषधांना भीक न घालणारा. डॉक्टरांनी नाव उच्चारलं आणि काय सांगू, आबांचा चेहरा असा उजळला की जणू मुलीकडचा पाहुणाच आला! तुझ्या प्रयोगातला जंतू हाच ना? तू पाठवलेला तो बशीचा फोटो, मधोमध तुझ्या शेवाळाच्या अर्काची हिरवी टिकली आणि भोवती जंतू नसलेलं स्वच्छ वर्तुळ, त्यांनी मोबाईलवर समोरच लावून ठेवलाय. सिस्टर, कंपाउंडर, चहावाला, सगळ्यांना दाखवून झाला. "हाई चकती देख, आठे बठ्ठा जंतू मरी गयात!"

हे तेच आबा, बरं का. ठिबकच्या नळ्या तुंबतात म्हणून जन्मभर शेततळ्यातल्या शेवाळावर मोरचूद मारणारे. तू त्याच तळ्यातून बाटली भरून नेलीस तेव्हा "शेवाळ गोया कराले इतलं शिकाडं का?" म्हणून, एवढं शिकवून पोरगी शेवाळच वेचते या रागात, दोन दिवस अबोला धरणारे. नील-हरित शेवाळ हे मुळात शेवाळच नव्हे, तोही एक जीवाणू, असं तू मला ठणकावलं होतंस. तेव्हा मी म्हटलं होतं, म्हणजे जीवाणूच जीवाणूला मारतो, ही तर आपली खानदेशी भाऊबंदकी! तू हसली नव्हतीस. असो. आता आबा तळ्याला कुणाला हात लावू देत नाहीत. नळ्या तुंबल्यात, केळी पिवळी पडतेय, आणि अक्का कपाळाला हात लावून बसलीय.

इथपर्यंत सगळं गमतीचं होतं. काल डॉक्टरांनी सांगितलं की बोट मेलेलं आहे, ते काढावं लागेल. बुधवारी सकाळच्या फेरीपर्यंत होकार दिलात तर बोटावर भागेल, लांबवलंत तर पाऊल जाईल. आबा शांतपणे म्हणाले, "मन्ही पोर औसद बनाडी ऱ्हायनी, नि मी बोट कापी देऊ?" डॉक्टर समजुतीने म्हणाले, ते औषध अजून बशीत चालतं, माणसात नाही. "बशीमा चालस, मन्हा पायमा काब नही चालस?" मी मध्ये पडलो, तर मला म्हणाले, "मास्तर, तुम्ही आपलं व्याकरण सांभाळा." अक्का फोनवर रडली. तिला म्हणाले, तुझा पोरीवर भरोसा नाही.

मेलेल्या बोटाला जगातलं कुठलंच औषध उठवणार नाही, हे त्यांना आमच्यापैकी कुणीही सांगून पटत नाही. त्यांना यात आपला हट्ट दिसतच नाही, निष्ठा दिसते. आणि खरं सांगू, हेमांगी? चाळीस वर्षांत त्यांनी कशावर इतका विश्वास ठेवलेला मी पाहिला नाही. तो तोडायला माझी जीभ रेटत नाही. आणि रेटली तरी ऐकतंय कोण?

आता हे का लिहिलं ते. आमचे शेजारी प्रेमराज चारच्या गाडीने जळगावला निघालेत, त्यांच्या हाती पत्र देतोय. तू रात्री निघ किंवा पहाटेची पहिली एसटी धर, पण डॉक्टर सकाळी फेरीला यायच्या आत पोच. मला खरी धास्ती आबांची नाही, तुझी आहे. हे वाचून तुझा हात प्रयोगशाळेतल्या फ्रीजकडे जाईल. एवढासा अर्क नेते, लावून तर बघू, वाईट काय होणार, असं वाटेल. मुलगी आहेस, वाटणारच. नको. त्यांच्यासमोर उभी राहा आणि म्हण की माझ्याकडे औषध नाही, आबा, अजून कितीतरी वर्षं नाही. ते दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाहीत. तुझ्याकडे बघतील, चेहरा पडेल, कदाचित भिंतीकडे तोंड करतील. तरी म्हण. आणि येताना पर्स, पिशवी, डबा, काहीसुद्धा आणू नकोस. तुझे दोन्ही हात रिकामे आहेत, हे त्यांना दारातूनच दिसू दे.

तुझाच,
बन्सीमामा