पाच नावांची एकच गाडी

तुझ्या बापाची नोकरी जाणार, हे त्यानं पेपरात वाचायचं का रे?

साहेब झालेल्या नातवा,

एकाच पोराला पाच नावं दिली म्हणून घरात पाच पोरं होत नाहीत. तुमच्या कंपनीच्या गाड्यांचंही तेच, एकच गाडी पाच नावांनी विकता. कंपनी बुडण्यापेक्षा चार नावं पुसून एकच ठेवायचं तू ठरवलंस, ते शहाणपणाचंच. पण तुझ्याच कारखान्यात त्या चार नावांचे बिल्ले गाड्यांच्या नाकावर बसवतो तो तुझा बाप. पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "पोरानं विचार करूनच केलं असेल," आणि भरल्या ताटावरून उठला.

हे पत्र टपालात टाकायला त्याच्याच हाती द्यावं लागेल, म्हणून उशीखाली पडून आहे.

तुझी आजी

उत्तर मला नको. बापाला द्यायचं, घरी येऊन, तुझ्याच तोंडानं. सेक्रेटरीकडून लिहून घेतलंस तर याद राख.