भलतंच प्रोटीन

प्रिय खारूताई,

तू फोन उचलत नाहीस म्हणून हा कागद. फोन वाजून वाजून गप्प होतो, कागद मात्र समोर पडून राहतो, आणि समोर पडलेला कागद न वाचता टाकणारी तू नाहीस. लहानपणी पुडीचा कागदसुद्धा मांडीवर सरळ करून वाचायचीस. तेव्हा बैस आता निवांत.

आधी बातमी. माझं अक्षर नीट बघ. ओळ वर चढतेय ती जुनी खोड, बोटांचा त्यात काही दोष नाही. परवा एका कोटाची काजं मी हातानं केली. सुई बोटात गेली, चांगली कळ आली, आणि मी इतकी खूश झाले की काकांना हाक मारून बोट दाखवलं. ते हातातली इस्त्री तशीच घेऊन आले आणि म्हणाले, रक्त निघालंय आणि बाई हसतेय, आता डोक्याचंही दाखवून येऊ या. उपचार पुरे झाले गं. शेवटचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टरीणबाई पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकून माझ्याशी बोलल्या. आता अधूनमधून तोंड दाखवून यायचं, इतकंच.

हे तुझ्यामुळे झालं असं म्हटलं की तू मान हलवशील. तुझ्या डोक्यात या सगळ्याचा गुंता झालाय, हे तुझी आई मला सांगून बसली आहे. गुंता सोडवणं हा माझा धंदाच आहे, म्हणून एका टोकापासून सुरू करते.

ती कडू पानांची रोपं तू आणलीस तेव्हा तुमच्या प्रयोगशाळेच्या आवारात ती जगत नव्हती. पाणी घालणारा माणूस रजेवर गेला की त्यांनी माना टाकल्याच. म्हणून दुकानावरच्या माझ्या गॅलरीत तुमची शाखा उघडली. तू पिशवी घेऊन यायचीस, जून पानं तेवढी निवडायचीस, आणि मी कोवळी तोडली की माझ्यावर डोळे काढायचीस. मग एकदा मला तुझ्या टेबलापाशी नेलंस. पानातला तो एक पदार्थ ताटलीतल्या, यकृताच्या कॅन्सरच्या पेशी मारतो, हे तुम्हाला दिसलं होतं. पण कसा मारतो, पेशीतल्या हजारो प्रोटीनांपैकी नेमका कोणाचा हात धरतो, ते माहीत नव्हतं. तो हात शोधणं हे तुझं काम. पदार्थ बारीक बारीक मण्यांना बांधायचा, फोडलेल्या पेशींचं पाणी त्यावर ओतायचं, मग धूत बसायचं. धुऊनही जे सुटत नाही, ते खरं. आणि शेजारच्या नळीत नुसते मणी, काही न बांधलेले. त्यांनाही जे चिकटतं ते खोटं, कारण ते कशालाही चिकटणार. मला हे फार आवडलं होतं. मी विचारलं, इतकं धुऊन उरतं काय? तू म्हणालीस, बहुतेक वेळा काहीच नाही गं. आणि पुन्हा धुवायला लागलीस.

पुढे माझंच कॅन्सरचं दुखणं निघालं. हॉस्पिटलातलं औषधही मुळात एका झाडाच्या सालीतूनच आलेलं, हे नर्सनं सांगितलं तेव्हा मला घरचंच कोणी भेटल्यासारखं वाटलं. मग मी विचार केला, सालीला एवढा मान, तर माझ्या गॅलरीतल्या पानांनी काय घोडं मारलंय? रोज सकाळी मूठभर पानं उकळून पाणी प्यायला लागले. तुला बोलले नाही. बोलले असते तर तू म्हणाली असतीस, मावशी, ताटलीत साबणाचं पाणी ओतलं तरी पेशी मरतात, म्हणून काय साबण पिशील? काकांना ठाऊक होतं. वास कडू येतो म्हणजे गुण असणार, हे त्यांचं शास्त्र.

त्यानंतरचे महिने तू पाहिलेसच. तोंड सोलवटलेलं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला, आणि बोटं अशी बधिर की सुई धरली आहे की सुटली आहे हे डोळ्यांनी बघावं लागे. दुकानात आलेली कापडं मी परत पाठवू लागले. डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या होत्या. याच मात्रेत बाकीच्या बायका चालत्याफिरत्या होत्या. शेवटी त्यांनी सांगितलं की शरीर सोसत नसेल तर हे औषध थांबवावं लागेल, आणि दुसरं इतकं चांगलं त्यांच्याकडे नाही.  त्या दिवशी घरी आल्यावर काका माझ्या मशिनीला तेल घालत बसले, गरज नसताना.

आणि नेमका त्याच आठवड्यात तुझा फोन आला. रडवेली होतीस. वर्षभर धुऊन धुऊन अखेर एक प्रोटीन हाती लागलं, नुसत्या मण्यांना चिकटत नव्हतं, म्हणजे खरं होतं, पण भलतंच निघालं. कॅन्सरशी त्याचा संबंध नाही. यकृतातलं प्रोटीन, अंगात आलेली औषधं निकालात काढणारं. तुझ्या पदार्थानं त्याचाच हात असा धरला होता की त्याला काम करता येईना. तुमचे सर म्हणाले होते, हा विषय आता बंद करा. तू मला ते आपल्यावरचा विनोद म्हणून सांगत होतीस. मी मात्र माझ्या पेल्याकडे बघत होते. मी इतकंच विचारलं की समजा एखादा माणूस औषधं घेत असेल आणि वर हेही पीत असेल, तर ती औषधं अंगातच साठून राहतील का? हो, साठतीलच, असं तू पटकन म्हणालीस. मग म्हणालीस, "मावशी, कोण पितंय?"

त्यानंतर तू जशी होतीस तशीच हॉस्पिटलात गेलीस. डॉक्टरीणबाईंच्या दारात उभं राहून सगळं सांगताना तुझा चेहरा आरोपीसारखा होता म्हणे. खरं तर बोलणी मी खाल्ली, आणि ती मला खायलाच हवी होती. त्यांनी औषधाचा एक डोस पुढे ढकलला, पानं बंद झाली, आणि पुढच्या खेपेला तेच औषध, तीच मात्रा अंगानं निमूट घेतली. बोटं हळूहळू माझी झाली. तेव्हापासून तू आली नाहीस. आई म्हणते, आपल्या पाल्यानं मावशीला मारलंच असतं, असं तू म्हणतेस, आणि महिनाअखेर तिथलं काम सोडणार आहेस. अगं, पाला मी उकळला. तू तर नकोसं निघालेलं उत्तरही खोटं ठरवलं नाहीस. दुसऱ्या कोणी ते गाळून टाकलं असतं आणि हवं ते प्रोटीन शोधत बसलं असतं. तसं झालं असतं तर माझं औषध बंद झालं असतं, आणि त्याचं कारण कोणालाच कळलं नसतं. मी रोज सकाळी मशिनीवर बसते तेव्हा तुझी आठवण काढते. उपकार वगैरे म्हणत नाही, तुला ओरडायला निमित्त मिळेल.

आता कामाचं. डॉक्टरीणबाई हल्ली प्रत्येकाला विचारतात, घरी काय उकळून पिता? परवा तपासणीला गेले तेव्हा शेजारच्या बाकावरचे आजोबा लाजत म्हणाले की शेजाऱ्यांनी दिलेला पाला घेतो, आणि खिशातून पान काढून दाखवलं. तुझाच पाला, खारूताई. तो कुठून कुठे पोचलाय कोण जाणे. माझं त्या वाईट महिन्यांतलं रक्त हॉस्पिटलच्या फ्रीझरमध्ये राखून ठेवलेलं आहे, ते तपासायला मी लेखी परवानगी दिली आहे. त्यात औषध खरंच साठलं होतं का, आणि तुझा पदार्थ त्यात होता का, हे कळलं तर बाईंना सगळ्या हॉस्पिटलांना ठणकावून सांगता येईल. पण त्या म्हणतात, तो पदार्थ रक्तात ओळखायचा तर ताडून बघायला अस्सल, शुद्ध पदार्थ हवा, आणि तो जगात कुठे असेल तर तुझ्या टेबलाखालच्या फ्रीझरमधल्या बाटलीत. विषय बंद झाला की तुम्ही फ्रीझर रिकामे करता, हे तूच मला सांगितलं आहेस. हे पत्र त्यासाठी आहे. नोकरी सोडायची तर सोड, मी आड येणार नाही. फक्त ती बाटली फेकू नकोस. बर्फात ठेव आणि बाईंकडे तू स्वतः घेऊन ये. मी दारात उभी असेन, आणि या वेळी तुला एकटीला आत जाऊ देणार नाही.

तुझीच,
मावशी