देव अजून पाण्यात आहेत

नॉर्थ यॉर्क,
१९ सप्टेंबर २००८

ती. सौ. ताईस,

धाकट्या उल्काचा नमस्कार, पार वाकून. तुझे गुडघे, भावोजींची शुगर आणि छपरावरची ती निळी ताडपत्री, तिघांचीही चौकशी एकदमच करते. मला पत्रं लिहायची सवय नाही, हात दुखतो, पण तू फोनवर येत नाहीस त्याला काय करू? भावोजी उचलतात आणि ‘ती आंघोळीला गेलीय’ म्हणतात. ह्यूस्टनला नळाला धड पाणी नाही असं टीव्हीवर सांगतात, आणि तू दिवसातून चारदा आंघोळ करतेस. बरं. कर.

आता मुद्द्याचं. मी वादळ तुझ्यावर ढकललं असं वाटतंय ना तुला, तर ते कसं झालं ते ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव. आमच्याकडे गणपती बसलेले. ह्यांनी (रिटायर झाल्यापासून ह्यांना उद्योग नाही) कॅलेंडरच्या पाठीमागे टेक्सासचा किनारा काढून फ्रिजला लावला होता, आणि टीव्हीवाला सांगेल तसा वादळाचा रस्ता लाल पेनाने ओढत बसायचे. (तो टीव्हीवाला स्वतः गुडघाभर पाण्यात उभा राहून लोकांना सांगत होता, बाहेर पडू नका.) तर त्या लाल रेघेचं टोक आलं नेमकं कॉर्पस क्रिस्टीवर, माझ्या एकुलत्या एका पोरीच्या घरावर. अनुयाला फोन केला तर म्हणते, ‘आई, वुई आर फाइन.’ जावईबापूंनी सगळ्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलं, आणि त्या भरात पुढच्या दारालाही ठोकलं. मग दोघं गराजमधून ये-जा करत होती. इंजिनियर आहेत ना, मापात ठोकलं असेल.

माझा जीव राहीना. मग आपली आई करायची तेच मी केलं, देव पाण्यात घातले. घरातल्या सगळ्यात मोठ्या पातेल्यात. (आरतीला आलेल्यांचा मसालेभात त्यामुळे कुकरमध्ये तीनदा लावावा लागला.) आणि हात जोडून म्हटलं, कॉर्पस क्रिस्टी टाळ, मग कुठेही ने. एवढंच म्हटलं. ‘कुठेही’ म्हणजे कुणाच्या दारात, ते मी विचारलं नाही. देवानंही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी रेघ वर सरकली. मी देवांपुढे साखर ठेवली. हे म्हणाले, अगं, आता ती ह्यूस्टनवर आली. मी साखर उचलते आहे तोवर अनुयाचा फोन, तोही तुझ्या घरून! तू बोलावलंस म्हणून दोघं आदल्या दिवशीच तुझ्याकडे आली होती, आणि मी काळजी करीन म्हणून मला सांगितलं नव्हतं. म्हणजे बघ, देवांनी वाचवलं काय, तर दाराखिडक्यांना फळ्या मारलेलं एक रिकामं घर. तिथे त्या दिवशी ऊन पडलं होतं म्हणे.

पुढचं मला अनुयाने सांगितलं. वादळाच्या रात्री तू दोघांना पाहुण्यांच्या खोलीतून उठवून वॉशरूममध्ये नेलंस, तिला टबात निजवून वर गादी टाकलीस. ती म्हणे, मावशी, यू आर ओव्हररिॲक्टिंग. तू म्हणालीस, टबात पड, नाहीतर थोबाडीत देईन. नंतर मागचं झाड छपरातून आलं ते त्याच पलंगावर. अनुयाचा आवाज ऐकून येते, ताई. थांब.

हां. तर त्याच पोरीने हसत हसत तुला पातेल्याचं सांगितलं. मला वाटलं तूही हसशील. तू फोन हातात घेऊन विचारलंस, ‘माझं नाव घेतलंस का गं देवापुढे?’ मी म्हटलं, नाही. तू फोन ठेवलास.

तेव्हापासून माझं डोकं तेच दळतंय. टीव्हीवर तुमच्या जवळचं, समुद्रालगतचं गॅल्व्हेस्टन दाखवलं. घर वाहून गेलेलं, नुसत्या पायऱ्या उरलेल्या, त्या पायऱ्यांवर एक बाई बसली होती. वादळ काही विरघळत नाही. मी इकडून ढकलते, दुसरी तिकडून ढकलते, आणि ज्याच्या वतीने ढकलायला कुणी नाही त्याच्या दारात ते जातं. तुझं नाव घेतलं नाही, कारण तुझी भीती मला जन्मात कधी वाटली नाही. कुत्रं असो, मास्तर असो, माझी सासू असो, पुढे तू आणि पदराआड मी. भिंतीसाठी कुणी नवस बोलतं का? तिला टेकूनच तर माणूस दुसऱ्यासाठी हात जोडतं.

आणि वादळ मलाही शोधत आलं, बरं का. अनंत चतुर्दशीला उरलंसुरलं वारं-पाऊस घेऊन थेट नॉर्थ यॉर्कला. गणपती बादलीत, बाकीचे देव पातेल्यात. हे म्हणतात, घरात कोरडा देव एक नाही, आरती कुणापुढे करायची? तेवढ्यात बेसमेंटमध्येही पाणी. ह्यांच्या जुन्या कोटांचं विसर्जन आपोआप झालं.

लोभ असावा असं शेवटी लिहितात. तो आहेच, राग तेवढा आवर.

तुझी,
उल्का

ता. क. : अनुया म्हणते, तुमच्याकडे अजून वीज नाही आणि छप्पर व्हायला महिने लागतील. बेसमेंट मी पुसून कोरडं केलंय, खाट टाकलीय, भावोजींसाठी हीटर ठेवलाय. मी बोलवत नाहीये. नुसतं सांगतेय.

ता. क. २ : बोलवतेय.

ता. क. ३ : देव अजून पाण्यातच आहेत. या खेपेला तुझं नाव घेऊन. तू भेटल्याशिवाय काढायचे नाहीत असं बोलून बसलेय. बाळकृष्ण हिरवा पडायला लागलाय आणि नवरात्र तोंडावर आलंय. तर घट बसायच्या आत ये आणि तुझ्या हाताने काढ. माझा हात लावून चालणार नाही.