फोडणीच्या क्रमाने काढलेले नट

अहो,

तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसलेले नाही. आठवण रोजच येते, तिच्यासाठी कागद कशाला खराब करायचा? आज लिहिते आहे कारण मला तुमच्याशी भांडायचं आहे आणि घरात भांडायला दुसरं कोणी नाही. अमेयला फोनवर बोलावं, तर तो बंगळुरूहून नुसता "हो आई, हो आई" करतो. तुम्ही निदान उलट बोलायचात.

नखांतलं काळं अजून निघालेलं नाही. साबण झाला, बेसन झालं, शेवटी भांड्यांची घासणी घेतली. सकाळपासून खाली पार्किंगमध्ये होते, तुमच्या पिकअपच्या पोटात डोकं खुपसून. होय, मीच! मिक्सरचं भांडं अडकलं तरी तुम्हाला हाक मारणारी मी.

आता मुद्द्याचं. गाडी अशी उघडी टाकून कोण जातं हो?

रिटायर झाल्यावर माणसं बागेत फिरायला जातात, हास्यक्लबात जातात. तुम्ही जुनी डिझेल पिकअप घेतलीत आणि लोकांच्या सोसायट्यांच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत हिंडलात. ते एक वेळ ठीक होतं. पण त्या मोटारींपेक्षा जास्त वेळ तुम्ही या गाडीच्या दुरुस्तीत घालवलात! आणि ती कायम फटफटत राहिली ती राहिलीच. इंजिनातला धूर सायलेन्सरपर्यंत पोचायच्या आधी मध्येच कुठून तरी निसटतो, म्हणून तो आवाज, हे तुम्ही मला इतक्यांदा समजावून सांगितलंत की मी झोपेत सांगू शकले असते. गॅरेजमध्ये द्या म्हटलं की तुमचा अपमान व्हायचा. म्हणायचात, घरच्या माणसाला काय बाहेरचा स्वयंपाकी जेवू घालतो का? घालतो की! मी आजारी असले की तुम्ही काय करायचात? खानावळीचा डबाच आणायचात ना?

शेवटी एकदाचं मनावर घेतलंत. त्या दुपारी मी गॅलरीतून हाक मारली, जेवायला या, आमटी निवते आहे. तुम्ही खालून ओरडलात, "झालंच!"

तुमचं 'झालंच' मला लग्नापासून माहीत. पंखा लावताना झालंच, गिझर उघडल्यावर झालंच, पाहुणे दारात उभे आणि तुम्ही बेसिनखाली, तेव्हाही झालंच. त्याचा अर्थ 'आत्ता कुठे सुरुवात केली आहे' असा घ्यायचा हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून मी ताटावर झाकण ठेवलं आणि पेपर वाचत बसले. मग वॉचमन धावत वर आला, साहेब गाडीपाशी पडलेत म्हणाला. एकदाच, आयुष्यात एकदाच, तुम्ही खरं बोललात आणि मला ते कळलं नाही. असं फसवतात का बायकोला?

तुम्हाला चौघांनी उचलून अँब्युलन्समध्ये ठेवलं. गोणपाटावर काढून ठेवलेला तो बिडाचा जड नळ, इंजिनाला चिकटून असतो तो, तुमचा लाडका मॅनिफोल्ड, तिथेच पडून राहिला. पुढे कोणीतरी तो गाडीच्या हौद्यात टाकला आणि वरून ताडपत्री ओढली.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. गाडी तशीच. मग आपले सेक्रेटरी देशमाने घरी आले. सोफ्याच्या अगदी कडेला बसून बोलले. घाई अजिबात नाही वहिनी, पण मीटिंगमध्ये विषय निघाला होता, बंद गाडी उभी ठेवता येत नाही, खाली उंदीर झालेत. तुम्हाला त्रास नको म्हणून महिनाअखेरीला क्रेन आम्हीच बोलावतो, भंगारवाला आमच्या ओळखीचा आहे. आपल्या पुण्यात माणसाला हाकलायचं तेसुद्धा किती आदराने! चहा घेतला, कप स्वतः उचलून ओट्यावर ठेवला आणि गेले.

अमेयही तेच म्हणाला. दे ना आई भंगारात, तुला काय करायची आहे ती? मला काय करायची आहे! त्याला मी कसं सांगणार? या गेटमधून तुम्हाला उचलून नेलेलं मी पाहिलं आहे. आता त्याच गेटमधून हिला क्रेनला लटकवून नेतील आणि मी तिथेच उभी राहून बघायचं? ते मला जमणार नाही. जायचंच असेल तर स्वतःच्या चाकांवर जाऊ दे, एवढंच माझं म्हणणं होतं.

मग चौकातल्या गॅरेजवाल्याला घेऊन आले. त्याने ताडपत्री उचलली, बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि हातही लावला नाही. म्हणाला, "काकू, ज्यानं खोललंय त्यालाच बोलवा. दुसऱ्याचं अर्धं काम आम्ही धरत नाही."

मी म्हटलं, तो आता येत नाही. त्याला काय वाटलं कोण जाणे, दोघांत काहीतरी वाजलं असेल असं वाटलं असावं. "समजुतीनं घ्या," म्हणाला आणि गेला. काय समजुतीने घेऊ सांगा!

तेव्हा ठरवलं की मीच करणार. फोनवर व्हिडिओ बघितले. एक गोरा, इतका स्वच्छ की त्याच्या हातांना ग्रीस लागतच नव्हतं. एक दिल्लीकडचा, तो दर वाक्याला "बहुत आसान है" म्हणायचा. त्याला माझ्या पुढ्यात आणून बसवा एकदा.

पॅकिंग मात्र मिळेना. दोन लोखंडांमध्ये बसतो आणि धूर अडवतो तो चपटा पत्रा हो. तुम्ही कसबा पेठेतल्या त्या दुकानातून आणला होतात हे मला नक्की आठवत होतं, येताना माझ्यासाठी तांब्याचा गडूही आणला होतात. सगळं घर पालथं घातलं. शेवटी गादी उन्हात टाकायला काढली तर खाली हा! वाकू नये म्हणून तुम्ही तो आपल्या अंगाखाली ठेवलात? इतके महिने मी त्यावर झोपते आहे, पाठ दुखते म्हणून डॉक्टरकडे जाऊन आले, त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या.

आणि तो डबा. माझा मिसळणाचा जुना डबा न विचारता नेलात, तेव्हाच खरं तर भांडायला हवं होतं. उलट तुम्ही ऐटीत दाखवायला आणलात, म्हणालात, "बघ, नट कसे फोडणीच्या क्रमाने ठेवलेत. मोहरीपासून सुरू करायचं. उद्या तुलासुद्धा जमेल." मी तेव्हा पोळ्या लाटत होते, नुसतं हूं केलं.

डबा जागेवर होता. मोहरीच्या वाटीत बारीक बोल्ट, जिऱ्याच्या वाटीत जरा लांब, हळदीच्या वाटीत आधाराच्या पट्टीचे दोन, आणि तिखटाच्या वाटीत ते गंजके जाडे नट. मला एवढा आनंद झाला! वाटलं, आता काय, स्वयंपाकच आहे.

मोहरीपासून सुरू केलं. बारीक बोल्ट त्या पातळ पत्र्याचे होते, मॅनिफोल्डच्या उष्णतेने बाजूच्या वायरी वितळू नयेत म्हणून वर झाकण असतं त्याचे. मॅनिफोल्ड वर घरात आणला, जुन्या पेपरांवर ठेवून घासला, त्यावर पत्रा छान बसवला, सगळे बोल्ट आवळले. इतकं सुबक दिसत होतं की अमेयला फोटो पाठवला. खाली नेलं, इंजिनाला टेकवलं आणि बघते तर तिखटाच्या वाटीतले नट लावायचे कुठून? सगळ्या जागा त्या पत्र्याखाली! गोटी पाना आत जाईना, बोट जाईना. मी तुम्हाला वाटेल ते बोलले. वरच्या मजल्यावरची मुलं खिडकीतून ऐकत होती, बोलले तरी.

अमेयचा फोन आला. मी त्याच्यावर खेकसले की तुझ्या बाबांना साधा क्रम लावता येत नाही. त्याने हळूच विचारलं, "आई, बाबांनी हा डबा लावताना भरला की काढताना?"

काढताना! मोहरी म्हणजे आधी काढलेली. म्हणजे लावताना तिखटापासून मागे मागे यायचं. अहो, पण फोडणी कोणी उलटी करतं का? या घरात इतकी वर्षं रोज फोडणी केली, एकदाही कढईतून हळद परत वाटीत ठेवली नाही. 'मोहरीपासून सुरू करायचं' असं सांगायचं आणि कुठल्या बाजूने ते सांगायचं नाही. हे तुमचं नेहमीचं. अर्धं बोलायचं आणि उरलेलं आम्ही ओळखायचं.

सगळं पुन्हा सुटं केलं. आज सकाळी गाडी खोलून बसले होते, तेवढ्यात देशमाने आले. क्रेन उद्या येणार आहे हे पुन्हा आदराने सांगायला आले होते. रविवारचा इस्त्रीचा शर्ट. मी म्हटलं, आलाच आहात तर हे जरा धरा. मॅनिफोल्ड एकाने उचलून धरावा लागतो तेव्हा दुसऱ्याला नट चढवता येतात, हे तुम्ही एकट्याने कसं करणार होतात? छातीने रेटून? काढतानाही एकट्यानेच उतरवलात, म्हणूनच छातीत कळ आली ना? मला हाक मारली असतीत तर मी आले असते. कुरकुर केली असती, पण आले असते. याचा राग मला सगळ्यात जास्त आहे.

देशमाने बिचारे वाकून धरून राहिले. मी मध्ये पॅकिंग सरकवलं आणि मधल्या नटांपासून बाहेरच्या बाजूला थोडं थोडं आवळत गेले. मग पट्टी, मग खालचा पाइप, आणि शेवटी मोहरीचे बारीक बोल्ट. वाट्या रिकाम्या झाल्या. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार मांडला होता, त्यात तुमचा बनियन निघाला, जो मी धोब्याने हरवला म्हणून त्याला बोलले होते. ऑइल बदललं. बॅटरी उतरलेली होती, तर देशमान्यांनी स्वतःची गाडी पुढे आणून वायरी जोडल्या. तोवर शर्टाची पार वाट लागली होती.

चावी मी फिरवली. एकदा गुरगुरली, थांबली. पुन्हा फिरवली आणि लागली. आधी बॉनेटखालून धूर आला, पण तो लोखंडाला लागलेल्या तेलाचा होता, थोड्या वेळात जळून गेला. जोडापाशी हात नेऊन बघितला. वाफ नाही, काजळी नाही. एकसारखी चालत होती.

देशमाने कपाळ पुसत म्हणाले, "वहिनी, आवाज गेला की."

आणि मी त्यांच्यासमोर रडायला लागले. त्यांना वाटलं आनंदाने. "क्रेन रद्द करतो, गाडी इथेच राहू दे," असं म्हणून ते घाईघाईने वर गेले.

तुम्हाला सांगते काय झालं. तुम्ही चौकातून आत वळलात की तो फटफट आवाज तिसऱ्या मजल्यावर यायचा आणि मी आधण ठेवायचे. तुम्ही जिना चढून येईपर्यंत चहा गाळून तयार. तुम्हाला वाटायचं, ही बाई चोवीस तास चहा करून ठेवते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, सांगण्यासारखं वाटलंच नाही. तुम्ही गेल्यावरही पाण्याचा टँकर आला, एखादा जुना टेम्पो वळला, की माझा हात पातेल्याकडे जातो. दार उघडून उभीसुद्धा राहिले आहे मी. मूर्खासारखी. आणि आज तो आवाज मी माझ्याच हाताने बंद केला. नट आवळून, घट्ट. आता तुम्ही आलात तर मला कळणार कसं?

येणार नाही आहात, ते मला कळतं हो. पण इतके महिने ते कानांना कळलेलं नव्हतं. आज कळलं. मला कोणी सांगितलं होतं का, की गाडी नीट झाली की हे होईल? गाडी तर मला नीटच करायची होती!

असो. खूप बोलले, आता बरं वाटतं आहे. पूर्ण नाही.

उद्या इंजिन गार असताना नट पुन्हा एकदा आवळीन, तापून ते जरा ढिले होतात असं त्या दिल्लीवाल्याने सांगितलं आहे. मग कात्रजला ताईकडे जाऊन येईन. गाडी मी चालवणार. लायसन्स आहे माझं, फोटोत मी ओळखू येत नाही एवढंच. आणि तुम्हाला शब्द देते, यापुढे खाली कुठलीही गाडी वाजू दे, मी बेल वाजली तरच दार उघडीन. आणि चहा एकच कप टाकीन.

तुमची,
हात अजून काळेच असलेली,
सुनंदा